आवडत्या रॉक बँडच्या पहिल्या लाइव्ह कॉन्सर्टला जाताय? मग हे आधी वाचा

वर्षानुवर्षं हेडफोनवर ऐकलेला बँड प्रत्यक्ष समोर वाजवणार, हे कळल्यावर सुरुवातीचे काही तास माणूस हवेतच असतो. मग एकेक प्रश्न सुरू होतात. कुठलं तिकीट काढायचं? किती आधी पोचायचं? पुढे उभं राहिलो तर चेंगरायला होईल का? बॅग आत नेऊ देतात का? मी अशा बऱ्याच कॉन्सर्ट पाहिल्या आहेत, कधी स्टेजसमोरच्या बॅरिकेडला, म्हणजे कठड्याला टेकून तर कधी वरच्या शेवटच्या रांगेत बसून. पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमैत्रिणींना जे तोंडी सांगत आले, तेच इथे क्रमानं लिहिते आहे. हेतू एवढाच की बँड स्टेजवर आल्यावर तुमचं मन पाय, पाणी, बॅग आणि परतीची गाडी यांत अडकू नये. ते दोन तास सगळेच्या सगळे गाण्यांना मिळावेत.

१. तिकिटाआधी जागा ठरवा

नवखे लोक विचारतात, "सगळ्यात पुढचं तिकीट घेऊ ना?" मी उलट विचारते, तुम्हाला बँड बघायचाय की ऐकायचाय? दोन्ही उत्तम जमेल अशी जागा फारशी नसते.

बॅरिकेडजवळ उभे राहिलात तर गिटारवादकाची बोटं तारांवरून कशी फिरतात ते दिसतं, घाम दिसतो, नजरानजर होते. पण मोठे स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. अगदी पुढे तुमच्या कानावर ड्रमचा आणि गिटार ॲम्प्लिफायरचा थेट आवाज जास्त पडतो, त्यात गायकाचे शब्द हरवतात. शिवाय जमिनीलगत सबवूफरची, म्हणजे खालचे जड सूर (बास) वाजवणाऱ्या स्पीकरची रांग असते. तिच्यासमोर दोन तास उभं राहिलं की बास ऐकू येण्याऐवजी छातीत हादरे बसत राहतात.

उत्तम आवाज हवा असेल तर मैदानाच्या मध्यावर साउंड इंजिनिअरचा मिक्सिंग डेस्क, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमी-जास्त करायचं टेबल शोधा. साधारणपणे तो उंचवट्यावर, रेलिंगच्या आत असतो. इंजिनिअर आपल्या कानाला जे ऐकू येतं त्यावरूनच सगळा समतोल साधतो, म्हणून त्याच्या आसपास उभं राहणाऱ्याला तोच समतोल मिळतो. माझी उंची बेताची आहे, त्यामुळे या रेलिंगला पाठ टेकून उभं राहणं मला विशेष आवडतं. मागून रेटा येत नाही आणि टेकायला आधारही मिळतो.

मोठ्या स्टेडियममध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून १०० मीटरवर बसलेल्याला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका साधारण पाव-एक सेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणूनच मैदानात मागे स्पीकरचे वेगळे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढ्याच उशिरानं सोडतात, जेणेकरून पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळून घोळ होऊ नये. दूरची सीट घ्यावी लागली तर ती अशा मनोऱ्याच्या टप्प्यात येते का, हे आसनव्यवस्थेच्या नकाशावर बघून घ्या.

गुडघे दुखत असतील, बरोबर लहान मूल असेल किंवा गर्दीत जीव घाबरत असेल तर बिनदिक्कत बसायचं तिकीट घ्या. सीटवरून पाहिलेली कॉन्सर्ट कमी प्रतीची नसते. उलट प्रकाशयोजना खरी कळते ती थोड्या उंचीवरून.

२. तिकीट काढताना

विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच संबंधित साइटवर खातं उघडा, पत्ता आणि कार्ड भरून ठेवा, लॉगिन करून बघा. बँडच्या मेलिंग लिस्टवर किंवा फॅन क्लबमध्ये नाव असेल तर बऱ्याचदा आगाऊ विक्रीचा कोड मिळतो. आगाऊ विक्रीत गर्दी कमी असते, म्हणून हे नाव आधीच नोंदवलेलं बरं.

ऑनलाइन रांगेत लागल्यावर पान रिफ्रेश करू नका, बऱ्याच ठिकाणी रांगेतली जागा त्यानं जाते. आणि रांगेत शिरण्याआधी एक आकडा मनाशी पक्का करा, त्याच्या वर जायचं नाही. मागणी वाढेल तशी किंमत चढवण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. २०२४ मध्ये ओएसिस हा ब्रिटिश बँड पुन्हा एकत्र येणार म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडमधली तिकिटं विक्रीला आली, तेव्हा लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबले होते. नंबर लागला तोवर काही उभ्या तिकिटांची किंमत दुपटीच्या वर गेली होती आणि निर्णय घ्यायला हातात जेमतेम काही मिनिटं होती. अशा वेळी आधी ठरवलेला आकडाच कामाला येतो.

तिकिटं संपली तरी आशा सोडू नका. स्टेज, कॅमेरे आणि स्पीकर कुठे बसतील हे नक्की होईपर्यंत आयोजक काही जागा राखून ठेवतात. मांडणी पक्की झाली की उरलेल्या जागा शेवटच्या दिवसांत, कधी त्याच दुपारी, विक्रीला येतात. अधिकृत साइट अधूनमधून बघत राहा.

दुसऱ्याकडून तिकीट घ्यायचं तर फक्त अधिकृत पुनर्विक्रीच्या मार्गानं. "स्क्रीनशॉट पाठवतो, पैसे टाका" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. हल्लीच्या बऱ्याच मोबाइल तिकिटांवरचा कोड सतत बदलतो, त्यामुळे जुना स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. आणि आपलं तिकीट मिळाल्याच्या आनंदात त्याचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका. कोड दिसला की त्याची नक्कल व्हायला वेळ लागत नाही.

तिकिटावर वयाची अट आणि नाव आहे का तेही वाचा. नाव छापलेलं असेल तर ते ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.

३. कान सांभाळा

या मुद्द्यावर मी जरा हट्टी आहे. रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात किंवा वर असतो. अमेरिकेतल्या नायोश या कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेचं गणित असं: ८५ डेसिबल आठ तास चालेल, पण पुढे आवाज ३ डेसिबलनं वाढला की दर वेळी सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. या हिशेबानं १०० डेसिबलला हाती उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक आखलं, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा आहे आणि श्रोत्यांना इअरप्लग उपलब्ध असावेत, आवाजापासून दूर बसायला शांत जागा असावी, असंही म्हटलं आहे. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, कारण श्रवणशक्ती पूर्ण जाण्याचा धोका होता.

इअरप्लग घातले तर मजा जाईल, ही समजूत चुकीची आहे. फोमचे साधे बोळे वरच्या पट्टीचे स्वर जास्त दाबतात, त्यामुळे गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं, हे खरं. पण संगीतासाठी खास फिल्टरवाले इअरप्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात. मला तर ते घातल्यावर शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात.

फोमचेच वापरणार असाल तर नीट घाला. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमल्यासारखा वाटला की समजायचं, बरोबर बसला. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा काहीच काम करत नाही. हे घरी दोन-तीनदा करून बघा, अंधारात धक्के खात पहिल्यांदा जमत नाही. लहान मुलांना कानावर बसणारे संरक्षक हेडफोन घाला, आणि तेही गेटमधून शिरल्यापासून.

४. बरोबर काय घ्यायचं

– तिकीट: मोबाइलमध्ये डाउनलोड केलेलं. हजारो लोक एकाच ठिकाणी जमले की नेटवर्क मिळेलच असं नाही.
– सरकारी फोटो ओळखपत्र, मूळ प्रत.
– ज्या कार्डावर तिकीट काढलं ते कार्ड. काही ठिकाणी गेटवर मागतात.
– इअरप्लग, आणि एक जादा जोड. गर्दीत पडला की तो गेलाच.
– छोटी पॉवर बँक आणि आखूड केबल.
– रोजची औषधं मूळ वेष्टणात, शक्यतो डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
– उघड्यावर कार्यक्रम असेल तर पातळ रेनकोट. छत्री बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत आणि मागच्याच्या डोळ्यांनाही ती धोक्याची.

बॅगेचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. कुठे ए-४ कागदाएवढी, कुठे फक्त पारदर्शक, कुठे अजिबात नाही. स्थळाच्या साइटवर हे लिहिलेलं असतं. लेन्स बदलता येणारा कॅमेरा, सेल्फी स्टिक, काचेची बाटली घरीच ठेवा. पायांत बंद, वापरून सैल झालेले बूट हवेत. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका. नाडीला दुहेरी गाठ मारा.

५. गाणी ऐकून जा

बरेच बँड एका दौऱ्यात जवळपास तीच गाणी त्याच क्रमानं वाजवतात. आधीच्या कार्यक्रमांतल्या गाण्यांची यादी सेटलिस्ट डॉट एफएम या साइटवर मिळते. बघायची की नाही, हे तुमच्या स्वभावावर. मला सुरुवातीचे सूर अनपेक्षित ऐकायला आवडतात म्हणून मी बघत नाही. पर्ल जॅमसारखे काही बँड तर दर रात्री यादी बदलतात, तिथे बघून फारसा उपयोगही नाही.

पण नवा अल्बम मात्र नीट ऐका. दौरा बहुतेक वेळा त्यासाठीच असतो आणि तीन-चार गाणी त्यातली येणारच. ती ओळखीची नसली की आसपासचे लोक गातात आणि आपण जुन्या गाण्याची वाट बघत बसतो. ज्या गाण्यांत लोकांनी गायची जागा आहे, ती पाठ करा. १९८५ मध्ये रिओच्या महोत्सवात क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गाता गाता थांबला आणि समोरचा प्रचंड जनसमुदाय पुढच्या ओळी गात राहिला. हे चित्रण आजही बघायला मिळतं. आपणही त्या आवाजाचा भाग होतो, हे सुख घरच्या स्पीकरवर नाही.

६. रांगेत आणि आत शिरल्यावर

तिकिटावर दोन वेळा असतात: दारं उघडण्याची आणि कार्यक्रमाची. मुख्य बँड बहुधा दुसऱ्या वेळेच्याही बराच नंतर येतो, कारण आधी ओपनिंग बँड वाजवतो आणि मग स्टेज बदलायला अर्धा तास वगैरे जातो. बॅरिकेड हवं असेल तर बरेच तास आधी जावं लागेल. नको असेल तर दारं उघडल्यानंतर तासाभरानं आरामात जा. आधी पोटभर खा, दिवसभर पाणी प्या.

आत गेल्यावर पहिलं काम: बाहेर पडायचे दोन मार्ग डोळ्यांनी बघून ठेवा. एक जिथून आलात तो आणि दुसरा वेगळा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन नावाच्या क्लबमध्ये ग्रेट व्हाइट बँड वाजवत असताना आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरच्या फोमला आग लागली. १०० माणसं गेली. दुसरी दारं असतानाही बहुतेकांनी ज्या दारातून आत आलो त्याच दाराकडे धाव घेतली आणि तिथे चेंगराचेंगरी झाली. मान वळवून हिरव्या पाट्या शोधायला अर्धा मिनिटही लागत नाही.

दुसरं काम: बरोबरच्यांशी भेटायची जागा ठरवा. "गेटजवळ" नाही, "गेट तीनच्या बाहेर डावीकडचा दिव्याचा खांब" असं. टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, नंतर हवं ते माप उरत नाही.

७. ओपनिंग बँडला संधी द्या

हा वेळ मोबाइल बघण्यात घालवू नका. मुख्य बँडनं किंवा आयोजकांनी निवडलेली ही माणसं असतात आणि अनोळखी गर्दीसमोर जीव तोडून वाजवतात. माझ्या आवडत्या बँडपैकी काही मला असेच सापडले.

त्यांचं झालं की स्टेजवरची हालचाल बघा, मला ती फार आवडते. ड्रम टेक्निशियन एकेक ड्रम ठोकून बघतो. गिटार एकामागोमाग एक जुळवून स्टँडवर जातात. मग एक जण कागद घेऊन येतो आणि प्रत्येक माइकच्या पायाशी चिकटपट्टीनं लावतो. ती गाण्यांची यादी. त्यानंतर टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या जातात. शेवटी अंधारातून कुणीतरी मिक्सिंग डेस्कच्या दिशेनं टॉर्च चमकवतो, म्हणजे सगळं तयार. कागद लागला की स्वच्छतागृहाला जायचा विचार सोडून द्या. काही बँडची खूण ठरलेली असते: आयर्न मेडन येण्याआधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं आणि जुने चाहते ते ऐकताच जागेवर येतात.

८. गर्दीत उभं राहताना

उभ्या गर्दीत लाटा येतात. पहिल्या गाण्याला सगळे एकदम पुढे सरकतात, तेव्हा पाय खांद्यांएवढे फाकवून, एक थोडा पुढे ठेवून उभे राहा. हात खाली अडकू देऊ नका, मुठी छातीसमोर ठेवा. माणूस चेंगरतो तो बहुधा पायाखाली येऊन नाही, तर छाती दाबली गेल्यानं श्वास कोंडून. छातीसमोरचे हात ती बोटभर जागा राखतात.

चारही बाजूंनी लोक टेकले आहेत आणि हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नाही, अशी वेळ आली तर आवडतं गाणं चालू असलं तरी निघा. रेट्याच्या विरुद्ध ढकलू नका. लाट ओसरते त्या क्षणी तिरकं, कडेच्या दिशेनं सरका. बॅरिकेडच्या जवळ असाल तर पुढच्या सुरक्षारक्षकाकडे बघून हात वर करा, ते उचलून पलीकडे घेतात. त्यांचं ते कामच आहे, संकोच नको. मोबाइल खाली पडला तर दाट गर्दीत वाकू नका. स्वतः पडलात आणि उठता येईना, तर कुशीवर वळा, डोकं हातांनी झाका आणि ओरडून मदत मागा.

मी हे इतकं सांगते त्याला कारण आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हू या बँडच्या कॉन्सर्टला दारांशीच ११ जण चेंगरून दगावले. जागा राखीव नव्हत्या, उघडी दारं मोजकी होती. २००० मध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना ९ जण दगावले. गाण्यावर प्रेम करणारीच माणसं होती ती. म्हणून मागून ढकलण्यात सामील होऊ नका आणि कुणी कोसळताना दिसलं तर ओरडून, हात हलवून पुढे कळवा. बँडच्या लक्षात आलं तर ते वाजवणं थांबवतात.

मॉश पिट, म्हणजे गर्दीत एकमेकांना धक्के देत नाचायचं रिंगण, हा वेगळा प्रकार. गर्दीत अचानक गोल जागा मोकळी होऊ लागली की तो सुरू होतोय असं समजा. नको असेल तर लगेच दहा पावलं बाजूला व्हा. जायचं असेल तर आधी एखादं गाणं कडेनं बघा. नियम कुठेही लिहिलेले नसतात, पण सगळे पाळतात: पडलेल्याला सगळ्यात आधी उचलायचं, कोपर आणि मुठी मारायच्या नाहीत, कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही. आतले चेहरे भीतिदायक दिसतात, पण तुमचा चष्मा पडला तर हेच लोक हात पसरून गोल करतात आणि शोधून देतात.

९. मोबाइल

एखादं गाणं टिपा, मग खिशात ठेवा. हात डोक्याच्या वर नेऊ नका, फ्लॅश बंद ठेवा. काही बँड आता मोबाइल बंद पिशवीत ठेवायला लावतात, घोस्टनं २०२५ च्या दौऱ्यात तसं केलं. तसा नियम असेल तर भेटायची जागा आणि परतीची वेळ आधीच ठरवून घ्या.

१०. शेवट आणि नंतर

बँड निरोप घेऊन गेला तरी लगेच निघू नका. सभागृहातले दिवे बंदच असतील तर बहुधा ते परत येणार. दिवे लागले आणि स्पीकरवर दुसरंच संगीत सुरू झालं की खरंच संपलं. पुढे असाल तर त्यानंतरही पाच मिनिटं थांबा. प्लेक्ट्रम (गिटार छेडायच्या चकत्या), ड्रमच्या काठ्या आणि ते चिकटपट्टीनं लावलेले कागद तेव्हाच वाटले जातात. नम्रपणे मागितलं तर टेक्निशियन देतात.

शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. कार्यक्रम लांबतो आणि बाहेर पडायला अर्धा तास सहज लागतो. गाडी आधीच ठरवलेली असेल तर स्थळापासून थोडं चालत गेल्यावर मिळेल अशी ठरवा, दाराशी सगळं अडकतं.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला तर घाईनं तिकीट रद्द करू नका. सहसा तेच तिकीट नव्या तारखेला चालतं, आणि परतावा हवा असेल तर त्याची मुदत जाहीर होते, ती चुकवू नका.

घरी आल्यावर पाणी प्या. दुसऱ्या दिवशी हेडफोन बाजूला ठेवा, कानांना विश्रांती द्या. कानात शीळ घुमत असेल तर बहुधा काही तासांत थांबते. दिवसभरानंतरही ती चालू राहिली, किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा बाबतीत लवकर सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग जास्त होतो.